एकशे चार नंबरला सहा मार्क

उत्तराबाई गुळवणींना राग यायला कारण लागत नाही, असं ट्रॉय या अमेरिकी गावातली मराठी मंडळी म्हणत. हे साफ खोटं आहे. कारण लागायचं, आणि ते नेहमी हजर असायचं. जग इतक्या वाईट आवाजांनी भरलेलं असताना ज्याला राग येत नाही त्याच्या कानात मळ साचलाय, असं बाईंचं स्पष्ट मत होतं. मंडळाच्या गणपतीत माइक कोकलायला लागला की बाई पहिल्या रांगेतून उठून तरातरा स्पीकरकडे निघत, आणि साउंड सांभाळणारा प्रथमेश नावाचा चांगला चाळिशीचा बाप्या टेबलामागे खाली वाकून वायर शोधल्याचं नाटक करी.

आवाज हे त्यांचं पोटापाण्याचं काम होतं. एक्क्याऐंशी साली नागपूरहून ॲन आर्बरला शिकायला आल्या, आणि मग गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या आवाजाच्या लॅबमध्ये तेहतीस वर्षं काढली. दार लावल्यावर काय खडखडतं, ब्रेक का किंचाळतो, सीट कुठे कुरकुरते, हे शोधायचं आणि ज्याची चूक त्याला तोंडावर सांगायचं. यंत्राचा आकडा यायच्या आधी बाईंचा कान सांगून मोकळा होई. त्यांच्यापेक्षा निम्मं कळणारे दोन पुरुष त्यांच्या डोक्यावरून बढती घेऊन गेले, त्याचा राग निवृत्तीनंतरही ताजा होता.

निवृत्त झाल्यावर शेजारपाजारच्या बायका योगाला लागल्या, भिशीला लागल्या. बाईंचा मात्र डक कॉलचा संग्रह वाढत गेला.

डक कॉल म्हणजे बदकांची शिकार करणाऱ्यांची पिपाणी. वीतभरही नसते. बाहेर लाकडाची किंवा प्लास्टिकची नळी, तिच्यात बसणारा एक खुंट, खुंटावर पातळ पट्टी आणि पट्टीला दाबून धरणारं इवलंसं बूच. फुंकलं की पट्टी थरथरते आणि पिपाणी बदकासारखी बोलते. सारी करामत पट्टीत. केसभर जास्त घासली तर बदकाचं कोंबडं होतं. बाईंकडे असे एकशे अठरा कॉल होते, तळघरातल्या कपाटात, प्रत्येकाला नंबर. सोबत एक वही. वहीत प्रत्येक कॉलची मापं, लांबची हाक, जवळची कुजबुज, खालचा सूर, आणि शेवटी दहापैकी मार्क. बहुतेकांना चार. प्लास्टिकवाल्यांना दोन, तेही दयेपोटी. दहा कुणालाच नाहीत.

"पण काकू, पाप नाही का लागत?" असं लोक विचारत. हे विचारताना त्यांच्या प्लेटमध्ये चिकन सिक्स्टी फाइव्ह असे, म्हणून बाईंचं टाळकं अधिकच सटके. बाईंनी जन्मात बंदूक हातात धरली नव्हती, आणि बदक खाल्लंही नव्हतं. "मी हाक मारते," त्या म्हणत. "यायचं की नाही ते बदकाने ठरवावं. आणि तुझ्या प्लेटमधल्या कोंबडीला कुणी विचारलं होतं रे?"

हे वेड लावलं डेल कोवाल्स्कीने. डेल लॅबमधला टेक्निशियन, जवळच्याच हॅमट्रॅमक गावचा पोलिश गडी, हात फावड्याएवढे आणि बोटं घड्याळजीची. लॅबमध्ये एक खोली होती, जिच्या भिंती आवाज पिऊन टाकत. एकदा जेवणाच्या सुट्टीत डेलने तिथे जाऊन खिशातला कॉल फुंकला. बाहेर मीटरपाशी बसलेल्या बाईंनी दार उघडून सांगितलं, "हे बदक नाही. हे सर्दी झालेलं बदक आहे." दुसरा कुणी असता तर चिडला असता. डेल पोट धरधरून हसला आणि त्याच शनिवारी पहाटे त्यांना हार्सन्स आयलंडच्या पाणथळीत घेऊन गेला. गवताच्या आडोशाला होडीत बसून, थर्मासमधला आल्याचा चहा पीत, बाईंनी पहिल्यांदा खरी बदकं बोलताना ऐकली. तेव्हापासून पंचवीस वर्षं शिकारीच्या हंगामाचा पहिला शनिवार चुकला नाही. डेल नेम धरायचा आणि बाई हाका मारायच्या. बाईंवर न चिडता त्यांचं बोलणं ऐकून घेणारी माणसं या जगात दोनच होती, एक नवरा चंद्रशेखर आणि दुसरा डेल. त्यातला नवरा ऐकत नसे, नुसता मान हलवी.

डेलच्या अंगणातला अक्रोड वादळात पडला, तेव्हा त्याच्या लाकडाचा त्याने एक कॉल केला. स्वतः कातला, पट्टी स्वतः घासली, आणि गेल्या वर्षी सप्टेंबरात बाईंच्या हातात आणून ठेवला. बाईंनी तीन दिवस तो वाजवला आणि वही त्याला वाचून दाखवली. "नंबर एकशे चार. खालचा सूर फाटतो. वार्निश वाजवीपेक्षा जाड. सहा."

"सहा?" डेल म्हणाला. "कॅरलने दहा दिले."

"तुझ्या बायकोला कान नाहीत," बाई म्हणाल्या.

डेल कॉल परत घेऊन गेला. पंधरा दिवसांनी नवी पट्टी घासून, बसवून पुन्हा घेऊन आला. आणि मार्चमध्ये, दारातला बर्फ ओढता ओढता, छातीला हात लावून खाली बसला तो उठलाच नाही.

या सप्टेंबरात कॅरलचा फोन आला. हंगामाच्या पहिल्या शनिवारी ती आणि दोन मुलगे पाणथळीतल्या डेलच्या आडोशापाशी जमणार होते. बंदुका नाहीत, फक्त कॉफी. "तू त्याचा कॉल वाजवशील?" कॅरलने विचारलं. "त्याने तुझ्यासाठी केलेला. मला एकदा ऐकायचाय." बाई हो म्हणाल्या. तो शनिवार नेमका दसऱ्याचा होता.

घरी तेव्हा विनीताताई होत्या. चंद्रशेखरांची थोरली बहीण, सांगलीची, सहा महिन्यांसाठी आलेली. माऊली कष्टाळू, प्रेमळ आणि स्वच्छतेची इतकी भोक्ती, की आल्यापासून घरातली तांब्याची भांडी आरशासारखी झाली होती आणि चंद्रशेखर स्वतःच्या घरात चपला कुठे काढायच्या ते विचारून काढत होते. बाईंनी दोन महिने दात-ओठ खात सहन केलं. पाहुणी आहे, मोठी आहे, चांगल्या मनाची आहे, असं रोज स्वतःला बजावलं.

गुरुवारी नवरा-बायको डोळे तपासायला ॲन आर्बरला गेले. परत आले तर दारातच व्हिनेगरचा भपकारा आला.

डायनिंग टेबलावर पांढरे टॉवेल अंथरलेले. त्यांवर एकशे अठरा नळ्या कवायतीला उभ्या केल्यासारख्या ओळीत. परातीत खुंट, उंचीप्रमाणे लावलेले. स्टीलच्या एका डब्यात साऱ्या पट्ट्या, दुसऱ्या डब्यात सारी बुचं. आणि मध्ये पदराला हात पुसत, कौतुकाची वाट बघत, विनीताताई.

"उद्या खंडेनवमी," त्या म्हणाल्या. "घरातली हत्यारं पुजायची. शेखरचं काय, एक स्टेथोस्कोप. म्हटलं, तुझी हत्यारंही पुजू या. पण कोण कुठल्या शिकाऱ्यांच्या तोंडची उष्टी गं ती सगळी! देवापुढे उष्टं कसं मांडणार? म्हणून एकेक सोडवून साबणाने धुतली, मग कढत पाणी, मग व्हिनेगर. पाच तास लागले बघ."

ज्यांना बाई ठाऊक होत्या त्यांना हेही ठाऊक होतं, की खरा राग आला की त्यांचा आवाज चढत नाही, उतरतो. चंद्रशेखर गाडीची किल्ली हातात धरून तसेच उभे राहिले.

"ताई," बाई अगदी हळू म्हणाल्या, "एकशे चार नंबर कुठला?"

"नंबराच्या चिकट्या निघाल्या गं पाण्यात."

"आणि त्यातली पट्टी?"

विनीताताईंनी डबा पुढे केला. आत शे-सव्वाशे पट्ट्या, सगळ्या चकचकीत, सगळ्या सारख्या.

मग बाई जे बोलल्या ते इथे सगळं सांगण्यासारखं नाही. अडाणीपणा म्हणाल्या, आगाऊपणा म्हणाल्या, दुसऱ्याच्या कपाटाला हात लावायची सांगलीची रीत म्हणाल्या. "तुम्ही भांडी धुता, घर धुता, माणसंसुद्धा धुऊन टाकाल! उष्टं होतं म्हणूनच ठेवलं होतं मी! तो माणूस मेलाय, ताई. त्याच्या तोंडचं एवढंच उरलं होतं जगात, ते तुम्ही व्हिनेगरने धुतलंत!" आणि नवऱ्याकडे वळून, "यांचं तिकीट बदल. मिळेल त्या पहिल्या फ्लाइटचं."

"उत्तरा, जरा शांत हो," चंद्रशेखर म्हणाले.

"तू मध्ये बोलू नकोस. आयुष्यभर बोलला नाहीस, आता कशाला?"

विनीताताईंनी डबा टेबलावर ठेवला. काही बोलायला तोंड उघडलं, पण बाईंचा चेहरा बघून मिटलं, आणि त्या आपल्या खोलीत निघून गेल्या. बाहत्तर वर्षांच्या नणंदेला असं बोलल्याची उत्तराबाईंना लाज वाटायला हवी होती. त्या वेळी वाटली नाही. बाईंना वाटत होतं की आणखी बोलायचं राहिलंच.

त्यांनी चष्मा लावला, वही उघडली आणि डबा टेबलावर उपडा केला. मापं वहीत होतीच. कारखान्यात बनलेल्या पट्ट्या लांबी-रुंदीवरून जुळत गेल्या. एकोणीस नंबर, बेचाळीस नंबर. अकरा लाकडी नळ्या कढत पाण्याने तडकल्या होत्या, त्यातली एक गंधसरूची, अर्कान्सामधल्या एका म्हाताऱ्याने स्वतः दिलेली. प्रत्येक तडक्याला बाई विनीताताईंच्या बंद दाराकडे बघून दात खात. डेलची नळी मात्र शाबूत होती. त्या जाड वार्निशमधून पाणी आत गेलंच नव्हतं. बाईंना आपले कापलेले मार्क आठवले, आणि त्यांना त्या वार्निशचाही राग आला.

दिवेलागणीपर्यंत हाताने घासलेल्या तेरा पट्ट्या उरल्या. त्यांची मापं जवळपास सारखीच होती, आणि डेलच्या पट्टीचं वहीतलं माप उपयोगाचं नव्हतं, कारण त्याने ती नंतर बदलली होती. बाईंनी एकेक पट्टी डेलच्या खुंटावर बसवून वाजवायला सुरुवात केली. एक बारीक बोलली. एक चिरकली. एक बरी बोलली, एक आणखी बरी.

चहाचा कप घेऊन आलेले चंद्रशेखर म्हणाले, "तुझा कान म्हणजे काय, लगेच ओळखशील. त्याने रिपेअर करून आणल्यावर वाजवला होतास ना तू?"

बाई गप्प बसल्या. त्यांचं गप्प बसणं इतकं दुर्मीळ होतं, की चंद्रशेखरांनी कप खाली ठेवला.

वाजवला नव्हता. हे खरं होतं, आणि हेच दुपारपासून, किंबहुना मार्चपासून, आत कुठेतरी सलत होतं. डेल कॉल घेऊन आला त्या दिवशी बाई इन्शुरन्सवाल्यांशी फोनवर भांडत होत्या. "ठेव तिथे, नंतर बघते," त्या म्हणाल्या. नोव्हेंबरात त्याने विचारलं, "ऐकलास?" नाताळात विचारलं. फेब्रुवारीत फोनवर विचारलं, तेव्हा बाई खेकसल्या, "बघते म्हटलं ना!" तो हसला, नेहमीसारखा. मग मार्च आला. त्यानंतर कपाटाचा तो खण उघडायची बाईंना छाती झाली नाही. कॅरलला हो म्हटल्यावरही नाही. शुक्रवारी बघू, म्हणत राहिल्या.

म्हणजे विनीताताईंनी काही केलं नसतं, तरी या कॉलचा आवाज कसा आहे हे बाईंना ठाऊक नव्हतंच. डेलशिवाय कुणालाच नव्हतं. एकशे सतरा परक्यांच्या पिपाण्या कान लावून ऐकल्या, आणि जो माणूस दारात येऊन ऐक म्हणाला त्याची तेवढी ऐकली नाही. बाईंनी आयुष्यभर ज्या ज्या माणसांना बहिरं म्हटलं होतं, ती सगळी त्यांना त्या टेबलाशी आठवली. रागाच्या भरात त्यांनी बूच असं दाबलं की ते बोटांतून उडून टेबलाखाली गेलं. विनीताताईंवरच्या रागापेक्षा हा राग वाईट होता, कारण याला तिकीट काढून कुठे पाठवता येत नव्हतं.

खंडेनवमीच्या सकाळी विनीताताईंची बॅग खोलीच्या दाराशी भरून ठेवलेली होती. पण पूजा चुकवणं त्यांच्या रक्तात नव्हतं. देव्हाऱ्यापुढच्या पाटावर स्वयंपाकघरातली सुरी होती, कात्री होती, स्टेथोस्कोप होता. हत्यारांतून कॉल वगळले होते. शेजारी सरस्वतीची म्हणून त्यांची पोथी, वर दोन शेवंतीची फुलं.

"शेखर, उत्तराला म्हणावं नमस्कार करून जा," त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या. "माझ्यावरचा राग देवावर नको."

बाई आल्या, त्याही भांडायच्या तयारीनेच. हात जोडले. आणि पोथीच्या पानांतून बाहेर डोकावणारं एक दुधी टोक त्यांना दिसलं.

"हे काय?"

"ती होय? तुझ्यातलीच एक पट्टी. त्यावर अक्षर होतं काहीतरी, पेनाने लिहिलेलं. मला ते लपेटं इंग्रजी वाचता येईना. पण अक्षर पुसवेना गं हाताने. सरस्वती ती. म्हणून न धुता पोथीत ठेवली, आज पुजायला." विनीताताईंनी फूल सारखं केलं. "कालच सांगणार होते. तू बोलू दिलंस कुठे?"

बाईंनी पट्टी ओढून खिडकीपाशी नेली. डेलचं अक्षर. लॅबमध्ये सॅम्पलवर लिहायचा तसं, बारीक काळ्या पेनाने.

'उत्तरा, सात?'

"काय लिहिलंय?" विनीताताईंनी विचारलं.

"मार्क मागतोय मेला," बाई म्हणाल्या. "एक मार्क! मागायचे तर दहा मागायचे होते! भांडायचं होतं माझ्याशी!" आणि त्या खिडकीकडे तोंड करून भडाभडा रडल्या, संतापून, पाय आपटत, लहान मूल रडतं तशा. चंद्रशेखर पुढे झाले, पण विनीताताईंनी त्यांना हाताने मागे सारलं आणि भावजयीच्या पाठीशी नुसत्या उभ्या राहिल्या.

रडणं ओसरल्यावर बाईंनी नाक पुसलं. "शेखर, तिकिटाचं बघू नकोस," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "आणि ताई, उद्या पहाटे माझ्याबरोबर चलायचं. दोन स्वेटर घाला, तिथे मरणाची थंडी असते."

"बदकं मारतात तिथे?"

"उद्या नाही मारणार. बॅग रिकामी करा आधी."

याहून मोठी माफी उत्तराबाईंनी कधी कुणाची मागितली नव्हती.

शनिवारी उजाडता उजाडता फेरीबोटीतून पलीकडे उतरून त्या हार्सन्स आयलंडच्या काठावर पोचल्या. गवत पिवळं पडलं होतं, पाण्यावर वाफ होती. कॅरल आणि तिचे दोन दांडगे मुलगे डेलच्या आडोशापाशी कॉफी घेऊन उभे होते. विनीताताई शालीत कानापर्यंत गुंडाळून लाकडी धक्क्यावर बसल्या. कुणी भाषण केलं नाही.

बाईंनी खिशातून एकशे चार नंबर काढला. घरी त्यांनी पट्टी बसवली होती, पण फुंकला नव्हता. पहिल्यांदा ऐकायचा तर इथेच, आणि कॅरलबरोबर, असं ठरवलं होतं. त्यांनी कॉल ओठांना लावला आणि हाक मारली. मोठी, वरून खाली येणारी पाच सुरांची हाक. चौथ्या सुराला त्यांनी डोळे मिटले, कारण फाटायचा तो पुढचा, खालचा सूर.

तो फाटला नाही. खाली उतरला, पाण्यालगत पसरला आणि पलीकडच्या गवतापर्यंत गेला. दूर वरून चाललेली बदकांची एक जोडी वळली, डोक्यावर एक घिरटी घालून गेली.

कॅरलने गालांवरचं पाणी पुसलं नाही. "मग?" तिने विचारलं. "किती?"

बाईंनी आयुष्यात खोटे मार्क दिले नव्हते. आजही द्यायची गरज पडली नाही. "नऊ," त्या म्हणाल्या.

"नऊ!" कॅरल हसली. "पंधरा दिवस गॅरेजमधून बाहेर आला नव्हता तो. म्हणायचा, सात दिले तरी बाईला सोन्याचा कॉल करून देईन."

कॅरलने हात पुढे केला. "मी एकदा वाजवू?"

बाईंनी लॅबच्या सवयीने रुमाल काढला आणि कॉलचं तोंड पुसायला लागल्या. तेवढ्यात धक्क्यावरून शालीतला एक हात आला आणि त्याने त्यांचं मनगट धरलं.

"पुसू नकोस," विनीताताई म्हणाल्या. "तसाच दे."

बाईंनी तसाच दिला. कॅरलने तो ओठांना लावून जोरात फुंकला. आवाज इतका वाईट निघाला की धाकट्या मुलाने तोंड फिरवलं; दोन मार्कही फार झाले असते. उत्तराबाईंनी मार्क दिले नाहीत. कॅरलने पुन्हा फुंकला, आणि तो आवाज थांबेपर्यंत बाई ऐकत उभ्या राहिल्या.